दंड भरायचाच तर

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेले काही महिने मुलाच्या मुंजीवरून जुंपली आहे. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरात आई, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, चार घरं टाकून काका, आणि इकडे इंग्लंडात लेस्टरमध्ये आम्ही चौघं. मुलाला आठवं लागलंय, तेव्हा मुंज यंदाच व्हावी असं आईचं म्हणणं.

फेब्रुवारीत इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. ती आम्ही सुचवली, पण थोरला पुतण्या दहावीला आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. वहिनी म्हणाली, बोर्डाचं वर्ष आहे, घरात पाहुणे नकोत. मे अखेरीस पुन्हा आठवडा मिळतो आणि तेव्हा बडोद्याच्या शाळाही बंद असतात. दोन्हीकडची पोरं मोकळी सापडण्याचा वर्षातला जवळजवळ तो एकच आठवडा. तर २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ! अधिकात कुठली मुंज? उरले वैशाखातले मुहूर्त, आणि तेव्हा आमची शाळा ऐन भरात.

"मग घ्या की दहा दिवस रजा," काकांनी लिहिलं. "तिसरीतलं पोर, त्याचं काय यूपीएससी आहे?"

त्यांना समजावून सांगितलं. इंग्लंडमध्ये दहा शालेय आठवड्यांत मिळून पाच दिवसांची विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे, तोही २१ दिवसांत भरला तर. नाहीतर १६०. आम्ही दोघं, मुलं दोन, म्हणजे ३२० पौंडांपासून सुरुवात. सणाच्या दिवसाची रजा मिळते, दिवाळीला आम्ही घेतोच. मुंज मात्र सण नाही. मुख्याध्यापिकेला 'अपवादात्मक कारण' वाटलं तरच परवानगी. मी अर्जात उपनयन म्हणजे काय ते पानभर लिहिलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं, गोड भाषेत, नाही म्हणून.

काकांचा संताप अनावर झाला. पोराच्या मुंजीसाठी सरकारला पैसे मोजायचे, कसला देश तो! मग मला राहवेना. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा काकांना केवढा अभिमान. ती सक्ती नुसत्या उपदेशावर चालली नव्हती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तेव्हा बडोद्यातही दंड होता. हे लिहिल्यावर काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांचं नेहमीचं सुप्रभात आलं, सूर्यफुलासकट.

दुसरा वाद जुनाच आहे. 'यांचा गणपती शनिवारी बसतो.' हे वाक्य घरी दरवर्षी एकदा तरी होतं. इथल्या मराठी मंडळाचा उत्सव शनिवारी असतो हे खरं, कारण एरवी हॉल मिळत नाही आणि माणसंही नाहीत. पण यात खट्टू होण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. आपल्या पद्धतींतच केवढी सैल वीण आहे बघा. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. गणपती दीड दिवसाचा, पाचाचा, सातांचा, दहांचा. जावळ पहिल्या वर्षी राहिलं तर तिसऱ्या. मुंज आठव्या वर्षी म्हणतात, पण पुढे ढकललेल्या मुंजी कुणाच्या घरात नाहीत? ज्या बायकांच्या हातून हे सगळं होत आलंय त्यांना चार दिवस इकडेतिकडे लागणारच, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं असावं. धाकटीचं बोरन्हाण आम्ही इथे एका रविवारी केलं. कुरमुरे बेलग्रेव्ह रोडवर मिळतात. तिथे गुजरातीत भाव विचारताना मला जेवढं घरी आल्यासारखं वाटतं तेवढं मंडळात वाटत नाही. पुण्याच्या मैत्रिणींना माझ्या मराठीत मधेच येणारा गुजराती 'ने' खटकतो. तर कुरमुरे होते, हलव्याचे दागिने आईने पाठवले होते, बोरं नव्हती म्हणून द्राक्षं. लेकीने सगळी द्राक्षं वेचून खाल्ली. काही कमी पडलं नाही.

जे चार भिंतींत होतं ते कुठेही नेता येतं. गल्लीत आणि गच्चीवर होणाऱ्याला मात्र जागचं हलवता येत नाही.

उत्तरायण घ्या, म्हणजे आमची पतंगांची संक्रांत. आदल्या आठवड्यात गेंडीगेट रस्त्यावर दोरी रंगवायला रांग, बोटांना चिकटपट्ट्या, पहाटे अगाशीवर कुडकुडत वाऱ्याची वाट पाहणं, दादाच्या हातात दोरी आणि माझ्या हातात कायम फिरकी (तो हिशेब अजून चुकता व्हायचाय), दुपारी उंधियू-जिलबी, आणि पतंग कापला की चारी बाजूंनी एकच आरोळी. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, पुन्हा तेच. दोरीने पक्षी कापले जातात, दुचाकीवाल्यांचे गळे चिरतात, हे खरं आहे आणि त्यावर बंधनं यायलाच हवीत. पण २०२४ साली पंचांगाने संक्रांत १५ जानेवारीला दिली होती, आणि बडोद्याच्या गच्च्यांनी १४ तारीख काही सोडली नाही. तिथे तिथीपेक्षा शेजार मोठा. लेस्टरच्या बागेत जानेवारीच्या ओल्या थंडीत एकट्याने पतंग उडवून पाहिला. मुलाने विचारलं, आपण कुणाचा कापायचा?

इथे त्याची शाळा सव्वातीनला सुटते, ट्यूशन नाही, गृहपाठ नावापुरता. याचं बडोद्यात सगळ्यांना कौतुक. पण मोकळ्या वेळात खेळायला कुणाकडे जायचं तर आधी त्या मुलाच्या आईला मेसेज, मग तारीख, बहुधा पुढच्या आठवड्यातली. आणि तिकडे, जिथे हाकेच्या अंतरावर दहा पोरं आहेत, तिथे पुतण्या यंदाच्या उत्तरायणाला अर्धा तास वर आला आणि पेपर सोडवायला खाली गेला. त्याला कुणी दंड केला नव्हता. शनिवारच्या गणपतीवर इतकं बोलणाऱ्या माझ्या घरात यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलंय. मुंज पुढच्या वर्षी, मे अखेरीच्या सुट्टीत, त्या आठवड्यात जो मुहूर्त मिळेल त्यावर. अगदीच नसेल तर गुरुजींना विचारून चालवून घेऊ. दंड भरायचाच तर तो उत्तरायणासाठी. २०२७ मध्ये १४ जानेवारी गुरुवारी आहे, शुक्रवारी वासी. मुलगा दोन दिवस गच्चीवर काळा होईल, बोटं कापून घेईल, आणि लेक फिरकी धरणार नाही, दोरी धरेल. नवऱ्याला हा हिशेब वेडेपणाचा वाटतो. तिकिटं बघतोय मात्र तोच.

पुतण्या तोवर अकरावी सायन्सला असेल. ग्रुपवर नाही, वहिनीला एकटीला विचारलंय, चौदा तारखेला त्याचा क्लास किती वाजता सुटेल? निळ्या खुणा कालच आल्या. उत्तर अजून नाही.