आकडा तोच, पण महिना कोणता?

तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की बायकोचं कोलेस्टेरॉल सातव्या महिन्यात २७८ आलंय आणि मी 'गरोदरपणात ते वाढतंच' लिहून बायकांना गाफील ठेवतेय, वर त्याच लेखात बाळंतपणानंतर तपासा म्हणतेय, म्हणजे एक काय ते ठरवा.

ठरवलेलंच आहे हो, दोन्ही खरं आहे. माझ्या आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर २८४ च्या पुढे जाड अक्षरात 'हाय' छापलेलं, रात्रभर झोप नाही. पण त्या कागदावरची २०० ची मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. गरोदरपणात एकूण कोलेस्टेरॉल २५ ते ५० टक्के वाढतं आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त. कारण वार (प्लॅसेंटा) आईच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल घेऊनच प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन बनवते, शिवाय इस्ट्रोजेनमुळे लिव्हर जास्त चरबी रक्तात सोडतं आणि पुढे आईचं शरीर स्वतःसाठी चरबी वापरून साखर बाळाकडे जाऊ देतं. म्हणून तर सगळ्यांची ही टेस्ट गरोदरपणात करतच नाहीत. आणि तुम्ही तिचं जेवण निम्म्यावर आणलंत हे वाचून पोटात गोळाच आला, प्लीज तसं करू नका.

एक मात्र तुमचं बरोबर, अपवाद मी लिहायला हवे होते, चूक माझी. ट्रायग्लिसराइड्स १००० च्या आसपास किंवा वर गेली तर स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत जाते, उलट्या होतात, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. दुसरं, कोलेस्टेरॉल आधीपासूनच जास्त असेल किंवा घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल तर ते आनुवंशिक असू शकतं, साधारण अडीचशे माणसांत एकाला असतं. पण म्हणून कुणाची तरी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी तिला देऊ नका, ती गरोदरपणात बहुतेकींची बंदच करतात.

आता बाळंतपणानंतरचं. ट्रायग्लिसराइड्स काही आठवड्यांत उतरतात, अंगावर पाजत असेल तर जरा लवकर, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) मात्र रेंगाळतं, त्यामुळे सहाव्या आठवड्यात तपासलं तर उगाच जास्त दिसू शकतं. मी तीन महिने थांबून केली, १९१ आलं. तेव्हा जास्त आलं असतं तर मात्र ते गरोदरपणावर ढकलता आलं नसतं, एवढंच मला म्हणायचं होतं.

आणि ज्यांना प्रीएक्लाम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार) झालेला असतो त्यांनी तर ही तपासणी सोडूच नये, पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका त्यांना साधारण दुप्पट असतो, अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्येही प्रीएक्लाम्पसिया धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. पण होतं काय, बीपी उतरलं की फाइल कपाटात जाते आणि सगळं घर बाळाच्या लसींच्या तारखा पाठ करत बसतं, आईची तारीख कुणालाच आठवत नाही (आमच्याकडेही हेच, मीच विसरले होते).

तुमच्या कमेंटमध्ये ट्रायग्लिसराइड्सचा आकडा नाहीये आणि बीपी किती ते पण नाही, मला २७८ पेक्षा ते दोन जास्त महत्त्वाचे वाटतात. रिपोर्ट काढून बघा आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांसमोर ठेवा.