तलफ मनात की यकृतात?

"इच्छाशक्ती नाही तुझ्यात, बाकी काही नाही," सुध्या म्हणाला. सुध्या दिवसाला दोनच सिगारेटी ओढतो, तेवढ्या भांडवलावर त्याचं व्याख्यान. मन्याचं पाकीट संध्याकाळपर्यंत संपतं. थोटूक चिरडत तो म्हणाला, "आमच्या घरात सगळेच ओढतात रे. रक्तातच आहे."

विनी औषधशास्त्र शिकवते. ती दोघांवरही उखडली. "आत गेलेल्या निकोटीनपैकी ७० ते ८० टक्क्यांचं कोटिनिन नावाचं दुसरं रसायन होतं आणि ते काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी२ए६ हे एन्झाइम करतं. त्याच्या जनुकाचा मंद प्रकार असला की निकोटीन रक्तात रेंगाळतं, पुढच्या सिगारेटची घाई होत नाही. मन्याचं भराभर साफ होत असेल, म्हणून सारखा हात खिशात. सुध्या, तुझी इच्छाशक्ती म्हणजे नुसतं आळशी यकृतही असू शकतं!"

सुध्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बघ, म्हणजे माझा दोष नाही," मन्या खूश.

"थांब. जुळ्यांच्या अभ्यासात या व्यसनाबाबत माणसामाणसांतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक निघतो. तुझ्या एकट्याच्या व्यसनाचे असे वाटे नाही पाडता येत. आणि घरात जनुकांसोबत पाकीटही होतंच की."

मग बोलण्यात २००८ साली गाजलेलं सीएचआरएनए५ हे जनुक निघालं. मेंदूत निकोटीन जिथे चिकटतं त्या रिसेप्टरचा एक भाग हे जनुक घडवतं. हा भागच काढून टाकलेले उंदीर निकोटीनचा जास्त डोसही घेत राहिले; 'आता पुरे' हा इशारा त्यांना नीट मिळेना. माणसांत या जनुकाच्या जोखमीच्या प्रकाराची एकेक प्रत साधारण दिवसाला एक सिगारेट वाढवते.

"एकच?" सुध्याला पुन्हा जोर चढला. इथे मी सुध्याच्या बाजूने. एवढ्याशा फरकाला 'सिगारेटचं जनुक' म्हणणं म्हणजे अतिच. शिवाय जनुकांची ढाल जुनी आहे. सिगारेटची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग, दोन्हींमागे जनुकंच असतील, असं रोनाल्ड फिशरसारखा थोर संख्याशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात म्हणत होता. तंबाखू उद्योगाचा सल्लागारही होता म्हणा.

"मग माझ्या काय कामाचं हे?" मन्याने विचारलं.

"सिगारेट सोडायचं औषध निवडायला. २०१५च्या एका चाचणीत निकोटीन नेहमीच्या वेगाने मोडणाऱ्यांना त्वचेवर लावायच्या निकोटीनच्या पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिन ही गोळी जास्त लागू पडली. मंद गटात दोन्हींचा गुण सारखाच, पण व्हॅरेनिक्लिनचा त्रास जास्त. हा वेग रक्त तपासून कळतो."

"आणि तपासणी नाही झाली तर?"

"तरी डॉक्टरकडे जाता येतं, मन्या."

"आळशी काय म्हणतेस गं," सुध्या अजून तिथेच होता.