आकड्याची स्ट्रिंग केली की एरर जातो म्हणे!

‘प्रोग्रामिंगची गुपितं, जी क्लासवाले सांगत नाहीत’ हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. कोणताही आकडा आला की आधी त्याची स्ट्रिंग करून ठेवा, एरर येणारच नाही, असं त्याचं म्हणणं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ; आकडा तसा ठेवला की संगणक त्याला नुसता मजकूर समजतो. एरवी मी असलं वाचून सोडून देतो. पण दारव्ह्याकडच्या माझ्या भाच्यानं ते खरं मानलं, आणि तो एका जिनिंगसाठी कापसाच्या वजनाचा प्रोग्राम लिहितोय. मी हटकलं तर म्हणतो, “मामा, एवढ्या लोकायनं पाठवलं, खोटं कसं असन?”

तर पहिला मुद्दा, एरर जातो. जातो ना! पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कीबोर्डवरून जे येतं ते मुळातच स्ट्रिंग असतं. पोरानं तीन बंड्यांची, म्हणजे कापसाच्या बैलगाड्यांची, वजनं टाकली: ९८५, १०४० आणि ११०५ किलो. एकूण शून्यापासून सुरू केलं होतं, तेव्हा पायथॉननं एरर दिला, की आकड्यात स्ट्रिंग मिळवता येत नाही. ही बिचाऱ्या मशीनची शहाणी सूचना होती. पठ्ठ्यानं मेसेज वाचून शून्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग ठेवली. एरर गेला आणि एकूण वजन आलं ९८५१०४०११०५ किलो. म्हणजे ९,८५१ कोटी किलो, तीन बंड्यांत! अख्ख्या देशात वर्षाला एवढा कापूस पिकत नाही बाप्पा. स्ट्रिंगला अधिकचं चिन्ह लावलं की बेरीज होत नाही, एकाला दुसरी चिकटते. खरी बेरीज ३१३०, म्हणजे ३१ क्विंटल ३० किलो. इथं आकडा इतका अचाट होता म्हणून डोळ्यांत भरला. एकच बंडी आली असती तर बरोबरच दिसला असता, आणि चूक थेट कुणाच्या तरी चुकाऱ्यात निघाली असती. एरर आलेला परवडतो, गुपचूप चुकलेला हिशेब नाही परवडत.

दुसरं, ‘क्रम लावायला काही फरक पडत नाही’. त्याच तीन वजनांचा चढता क्रम स्ट्रिंग म्हणून लावून पाहा: १०४०, ११०५, ९८५. स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेका अक्षरानं होते, एक नऊच्या आधी, संपलं. सगळ्यात जड बंडी कोणती, तर ९८५ वाली!

तिसरं, ‘आकड्यात ४८ मिळवा, स्ट्रिंग तयार’. ही सी भाषेतली युक्ती, तीही एकाच अंकापुरती. आस्की तक्त्यात, म्हणजे संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, ‘०’ चा क्रमांक ४८ आहे, म्हणून ७ चा ५५ होतो आणि ५५ म्हणजे ‘७’ हे अक्षर. पण १२ चा ६० होतो, आणि तिथं ‘पेक्षा लहान’चं चिन्ह बसलंय. मोठ्या आकड्याला दहानं भागत जावं लागतं, बाकी उरलेले अंक उलटे मांडावे लागतात. भाषेसोबत तयार मिळणारं लायब्ररीतलं फंक्शन हेच काम आपल्यासाठी करतं.

‘कितीही मोठा आकडा स्ट्रिंग केला की हलका होतो’ यावर मी वाद घालत नाही, पायथॉनचे अधिकृत दस्तऐवज उघडून दाखवतो. त्यांनी २०२२ मध्ये या रूपांतरावरच मर्यादा घातली: दशमान आकडा ४३०० अंकांपलीकडे गेला की चक्क एरर. कारण मोठ्या आकड्याला लागणारा वेळ अंकांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि कुणी मुद्दाम अवाढव्य आकडा पाठवून सर्व्हर बसवू शकतो. एररच्या भीतीनं ज्याच्याकडे पळायचं, तेच एरर देतंय.

आता एक मुद्दा नाइलाजानं मान्य करतो. बँकेचा खाते क्रमांक स्ट्रिंगच ठेवा. आकडा केला की सुरुवातीची शून्यं गळतात, एक्सेल तर १५ अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकतं. सातबाऱ्यावरचा ४५/२ सारखा गट नंबरही तसाच. पण हे मुळात नावासारखे आहेत, त्यांची कोण बेरीज करतं? वजन आणि भाव वेगळे. हिशेब आकड्यात करायचा, स्ट्रिंग करायची ती काटापट्टीवर छापताना.

भाच्यानं शून्य परत बसवलं, इनपुटला इंट (स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं, ३१३० आलं. क्लासच्या ग्रुपवर सांग म्हटलं तर म्हणतो, “नाही मामा, तो मेसेज सरनंच टाकला होता. सरले राग येईन.” म्हणून मी इथं लिहितोय.