गणपतीआधी रंग झालाच पाहिजे

कोकणात घराला रंग कधी काढायचा हे ठरलेलंच असतं, गणपतीच्या आधी. म्हणजे जून-जुलै पाऊस पिऊन पिऊन भिंत वर्षातली सगळ्यात ओली झालेली असते आणि नेमकी तेव्हाच ती रंगवायची, कारण चाकरमानी येणार, आत्या येणार, आणि आत्याच्या नजरेला एक जरी पोपडा पडला तरी तो मुंबईपर्यंत पोचणार.

आमचं घर राजापूरकडचं, जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, त्याला चुन्याचा गिलावा. जांभा भोकाभोकांचा, जमिनीतलं पाणी आरामात वर ओढतो. पण पणजोबांच्या वेळेपासून भिंतीचं बरं चाललं होतं, पावसाळ्यात ओल धरायची, दिवाळीनंतर हवेत सोडून द्यायची, चुना मधे येत नसे. बारीकसारीक भेगा तर आपल्या आपणच बुजायच्या, कारण पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि पाणी उडालं की भेगेत जाऊन बसतो. फुकटचा मेंटेनन्स!

हे बाबांच्या एका मित्राला बघवलं नाही. "अहो, खालचे ३ फूट सिमेंट मारून टाका, ओलीचा विषयच संपला." मारलं. वाळू खाडीची, कारण ती स्वस्त पडली. पुढच्या पावसात ओल बरोबर सिमेंटच्या वर एक वीत. आता पाण्याची बाहेर पडायची वाटच बंद केल्यावर ते बिचारं करणार काय, सिमेंटच्या मागून वर चढलं आणि जिथे पहिला चुना भेटला तिथून बाहेर आलं, येताना खाडीचं मीठ घेऊन.

मग लोणा, म्हणजे भिंतीवर फुटून आलेलं मीठ. पांढरा, भुसभुशीत. आईच्या मते ती धूळ, त्यामुळे रोज सकाळी ओलं फडकं. त्याने मीठ विरघळून परत आत जातं, सुकलं की परत बाहेर. नुसतं एकदोनदा भिजून चुन्याच्या गिलाव्याला फारसं काही होत नाही हो, पण भिजला-सुकला, भिजला-सुकला असं चालूच राहिलं की छिद्रांमधे मिठाचे स्फटिक धरतात, ते आतून रेटा देतात आणि गिलाव्याचा भुगा होऊन खाली पडतो. वर हवा ७५ टक्क्यांपेक्षा दमट झाली की साधं मीठ हवेतूनच पाणी खेचायला लागतं, आणि आमच्याकडे ऑगस्टमधे ७५ टक्के म्हणजे कोरडा दिवस! त्यामुळे कौलं गळत नाहीत, पाइप फुटलेला नाही, तरी भिंतीला घाम.

गणपती तोंडावर आले तसा पेंटर आला. त्याने भिंतीवर हात फिरवला, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "वॉटरप्रूफ मारू." दोन हात मारले. भिंत अशी चकचकीत की आत्याने आल्या आल्या चक्क कौतुक केलं. चतुर्थीला ऐन आरतीत मखराशेजारी रंगाला टम्म फुगा, पुरीसारखा. चुलत भावाच्या पोराने त्यात बोट घातलं. आतलं पाणी आत्याच्या नव्या साडीवर, आणि आरती काही मधे थांबवता येत नाही.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंडी आबांना बोलावलं. त्यांनी सिमेंटवर हातोडीची दांडी वाजवून बघितली, सगळं पोकळ. "हे पहिलं काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका. मग भिंत उघडी राहू दे, शिमगा झाला की बघू."

"आत्ताच चुना मारला तर?" बाबा.

"धरणार नाही."

आबा एवढंच बोलतात, कारण सांगत बसत नाहीत. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि छिद्रं पाण्याने भरलेली असली की तो आत शिरणार कुठून. सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घातली तर ओलीतही धरतो म्हणे, पण आतलं मीठ काय सुरखी बघून पळणार आहे?

"बरं, सुकल्यावर पहिलं काय करायचं?"

"भिजवायची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. कोरडा जांभा ओल्या गिलाव्यातलं पाणी चटकन शोषून घेतो, म्हणून आधी भिंतीवर पाणी मारायचं, आणि काम झाल्यावरही काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. म्हणजे आधी महिनोन्महिने सुकवायची आणि मग मुद्दाम भिजवायची. हे बाबांना काही केल्या पटेना. त्यात त्यांना आठवलं, शिमग्याला देवाची पालखी घरी येते, आणि ती नेमकी त्याच भिंतीशी टेकते.

आबा गडग्यापलीकडे गेल्याची खात्री करून बाबांनी पेंटरला फोन लावला. सगळी भिंत नको म्हणाले, पालखीच्या मागची तेवढीच.