‘एक अनुभवी प्राध्यापक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलेलं

सर,

(नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे ‘सर’ धरून चालतोय. मॅडम असाल तर क्षमस्व.)

‘सात लेयर शेवटी शिकवा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, ते सकाळी पुसलं. हे दुसरं आहे आणि त्या मानाने सौम्य आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: अभियांत्रिकीच्या मुलांना नेटवर्किंगच्या पहिल्याच तासाला ओएसआयचं, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत (लेयरमध्ये) वाटणाऱ्या मॉडेलचं, सात मजली चित्र दाखवू नये, असं माझं म्हणणं होतं. आधी वायरवरून जाणारी खरीखुरी फ्रेम (डेटाचं एक गाठोडं) दाखवावी, तिचे बाइट मोजायला लावावेत, मुलांना प्रश्न पडू द्यावेत. लेयरची नावं त्या प्रश्नांच्या मागून यावीत. यावर सरांनी चार गोष्टी लिहिल्या. एक, मी दाखला दिलेली आरएफसी ७९३ (इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक) बाद झालेली आहे. दोन, वर्गात सत्तर मुलं, लॅबमध्ये वीस संगणक आणि त्यांवर ॲडमिनचे अधिकार नाहीत, तर हे प्रयोग करायचे कुठे? तीन, परीक्षेत सात लेयरच विचारतात, मुलांचे गेलेले गुण तुम्ही भरून देणार का? आणि चार, हे जसंच्या तसं देतो: ‘पाया न घालता कळस चढवायचा हा हौशी लोकांचा उद्योग आहे, वर्गात कधी उभे न राहिलेल्यांनाच असं सुचतं.’

पहिलं मान्य. टीसीपीची, म्हणजे डेटा खात्रीने पोचवण्याच्या नियमांची, १९८१ सालची आरएफसी ७९३ ऑगस्ट २०२२ मध्ये ९२९३ ने बाद केली. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण बोटांना ७९३ ची सवय आहे आणि ती लेखात उतरली. चूक ती चूक. दुरुस्त केली. आभार.

आता चौथ्या वाक्याकडे येतो.

‘हौशी’ या शब्दाचं मला वाईट वाटलेलं नाही. म्हणजे वाटलं, पण ते सोडा. प्रश्न असा आहे की जो मुद्दा तुम्ही एका ओळीत, न चिडता मांडू शकला असता, त्यासाठी समोरच्याची लायकी काढायची गरज का पडली? मी सहा वर्षं संध्याकाळच्या बॅचला हाच विषय शिकवलाय. व्हिजिटिंग म्हणून, तासावर. तुमच्या लेखी ते वर्गात उभं राहणं नसेल, तर मग मी तिथे खडू घेऊन काय करत होतो ते तुम्हीच सांगा. आणि नाव झाकून ‘अनुभवी’ एवढंच उघडं ठेवणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा अनुभव मोजायला बसावं, याची मला गंमत वाटते.

बरं, पाया. पाया म्हणजे इमारत उभी राहण्याआधी जे घालतात ते, असा माझा समज आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटने जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी घेतला तो १ जानेवारी १९८३ ला. ओएसआयचं मॉडेल आयएसओचं मानक म्हणून छापून आलं १९८४ मध्ये. (त्यावरचं काम सत्तरच्या दशकापासून चालू होतं, ठाऊक आहे. पुन्हा दुरुस्ती पाठवू नका.) म्हणजे माणसं राहायला आल्यावर नकाशा आला, आणि तोही शेजारच्या प्लॉटवर होऊ घातलेल्या दुसऱ्याच इमारतीचा. इंटरनेटवाल्यांनी १९८९ मध्ये आरएफसी ११२२ लिहिली तेव्हा लेयर मोजले चार. सेशन आणि प्रेझेंटेशन ही नावं त्या चारांत नाहीत. आपण मात्र अजून दर सत्रात मुलांकडून ती वदवून घेतो आणि उदाहरण मागितलं की विषय बदलतो. मी बदललाय, म्हणून सांगतोय.

शिवाय हे मजले तुम्ही समजता तितके पक्केही नाहीत. टीसीपीचा चेकसम (डेटा वाटेत बिघडला का ते तपासायचा आकडा) काढताना खालच्या आयपीचे दोन्ही पत्ते त्यात धरावे लागतात. वरच्या मजल्यावरच्याने खालच्याच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय त्याचा हिशेबच लागत नाही. एनएटी करणारा, म्हणजे अनेक संगणकांना एका पत्त्याआड बसवणारा, राउटर तिसऱ्या लेयरचा म्हणवतो आणि बिनदिक्कत चौथ्या लेयरचे पोर्ट (पॅकेट कुठल्या प्रोग्रॅमचं ते सांगणारे आकडे) बदलतो. २०२१ मध्ये मानक झालेलं क्विक (वेबसाठीचा नवा प्रोटोकॉल) साध्यासुध्या यूडीपी प्रोटोकॉलच्या डोक्यावर बसतं आणि हरवलेलं पुन्हा पाठवणं, गर्दी आवरणं, मजकूर गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस १.३ चा हँडशेक, सगळं एकाच घरात मांडतं. त्याला कुठल्या लेयरचं म्हणाल? ज्या मुलाने सात कप्पे आधी पाठ केलेत तो यातलं प्रत्येक प्रकरण ‘अपवाद’ म्हणून वहीत उतरवतो, आणि हळूहळू वहीत अपवादच जास्त होतात.

ओएसआय कचऱ्यात टाका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी शिकवा, असं लिहिलंय. फरक आहे.

आणि आता माझं स्वतःचं सांगतो, कारण ते ‘वर्गात कधी उभे न राहिलेल्यांनाच’ मला खरंच लागलं. मी तुमच्यासारख्यांकडूनच शिकलो. सात लेयर वरून खाली आणि खालून वर, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवले असते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पाठ थोपटली होती. पहिल्या नोकरीत चौथ्या महिन्यात एक तक्रार आली: दोन कार्यालयं टनलने (एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून पाठवणाऱ्या वाटेने) जोडलेली, दूरच्या कार्यालयात लॉगिनचं पान उघडतं, पण अहवाल मागवला की चक्र फिरत बसतं. मी शिकवल्याप्रमाणे खालून वर निघालो. केबल ठीक. स्विचचे दिवे ठीक. पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते पाहणारं पॅकेट) जातंय, म्हणजे तिसरा लेयर ठीक. पोर्ट उघडं, म्हणजे चौथा ठीक. लॉगिन होतंय, म्हणजे सातवाही ठीक. सगळे लेयर ठीक आणि काम बंद. दोन दिवस गेले माझे.

तिसऱ्या दिवशी एक वरिष्ठ सहकारी येऊन शेजारी बसले. त्यांनी लेयरचं नाव काढलं नाही. सर्व्हरवर बसून पिंगचा आकार वाढवला, १४७२ बाइट, आणि तुकडे करायचे नाहीत असा झेंडा लावला. उत्तर नाही. मग आकडा कमी करत गेले. १४४८ ला उत्तर आलं. १४४९ ला पुन्हा शांतता. माझ्याकडे वळून म्हणाले, “चोवीस बाइट कोण खातंय?”

जीआरई टनल खात होता. वीस बाइटचं नवं आयपी हेडर, चार जीआरईचे. पिंगच्या १४७२ वर आठ आयसीएमपीचे (पिंग आणि अडचणीचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) आणि वीस आयपीचे धरले की इथरनेटची १५०० ची मर्यादा पुरी होते, टनलमध्ये जागा राहते १४७६. मग त्यांनी कॅप्चर लावलं, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट टिपली. जोडणी जुळवणाऱ्या हँडशेकची तीन छोटी पॅकेट सुखरूप, मागणी सुखरूप, आणि मग सर्व्हरचं तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. टनलच्या तोंडाशी बसलेला राउटर ‘हे मावत नाही, लहान करून पाठव’ असा आयसीएमपी निरोप इमानाने धाडत होता. मधल्या फायरवॉलवर कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलं होतं. सर्व्हरला निरोपच पोचत नव्हता. तो बिचारा तेच गाठोडं त्याच दारात आपटत राहिला.

तुम्ही म्हणाल, हे समजायला शेवटी लेयरच लागले ना? लागले. पण मला ते पाठ होते, सर. दोन दिवस पाठ होते. ‘पिंग जातंय म्हणजे तिसरा लेयर ठीक’ हे वाक्य ज्या पायावर उभं होतं, तोच हा तुमचा पाया. पिंगचं नेहमीचं पॅकेट असतं जेमतेम ८४ बाइटांचं आणि अडतंय ते १५०० वालं, हे मला दिसलं नाही, कारण मी पॅकेट कधी पाहिलंच नव्हतं. चित्रं पाहिली होती.

म्हणून मी पहिल्या तासाला दोन संगणक, एक स्विच आणि वायरशार्क (पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) घेऊन बसतो. मुलांनी पिंग करायचं आणि पडद्यावर काय येतं ते वाचायचं, बस. एका बॅचला पहिलीच ओळ पाहून मागून आवाज आला, “सर, मी तर पिंग केलं, मग आधी हे कोण ओरडतंय?” एआरपी होतं, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ अशी विचारणा. पाठवायचा पत्ता सगळा एफएफ, म्हणजे साऱ्या गावाला हाक. मी गप्प राहिलो. त्यांनीच बाइट मोजले: पाठवायचा पत्ता सहा, पाठवणाऱ्याचा सहा आणि प्रकाराचे दोन, चौदा. शेवटच्या दोनांत ०८०६. खालच्या फ्रेममध्ये तिथेच ०८००, म्हणजे आयपी. एका मुलीने विचारलं की हा आयपी पत्त्याचा मालक शोधतोय, पण याच्यात आयपीचं हेडर तर नाहीच, मग हा नक्की कुठला? मी म्हटलं, या प्रश्नावर मोठी माणसंही भांडतात, तू तुझं ठरव. दुसऱ्याने पिंगचे वेळ ताडून पाहिले. पहिलं उत्तर उशिरा, पुढची झटपट. एआरपीची यादी पुसून पुन्हा केलं, पुन्हा पहिलंच उशिरा. त्यानंतर ‘डेटा लिंक’ आणि ‘नेटवर्क’ हे शब्द मी फळ्यावर लिहिले, तेव्हा लिहून घ्या असं सांगावं लागलं नाही. हे तुम्हाला कळस वाटत असेल तर तुमचा माझा बांधकामाचा हिशेबच वेगळा आहे.

राहिले दुसरा आणि तिसरा मुद्दा. वीस संगणक आणि सत्तर मुलं ही अडचण आहे, आक्षेप नाही. एका मशीनवर कॅप्चर करा आणि फाइल सगळ्यांना द्या. नुसती फाइल उघडायला वायरशार्कला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. परीक्षेचं म्हणाल तर सात नावं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, ती सत्राच्या शेवटी आली तरी बिघडत नाही. यावर आणखी लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर जरूर लिहा, फक्त माणसावर न घसरता.

मूळ लेखात ७९३ च्या जागी ९२९३ केलंय आणि खाली ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ अशी टीप घातली आहे. नाव कळवलंत तर नाव घालीन.