'कॅन म्हणजे शकणे' हे कुणी काढलं?

गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका पोराच्या वहीत वाक्य सापडलं, 'आय कॅन एबल टू स्विम'. मला ते नवं नाही. घरी शिकवणी घेते, दर वर्षी कुणीतरी हे लिहितंच. कॅन तरी लिहा नाहीतर ॲम एबल टू, एका म्यानात दोन कशाला, हे माझं दर वर्षीचं ठरलेलं भाषण. पण यावेळी म्हटलं, मराठीत सांग बरं. तो म्हणाला, "मी पोहू शकतो."

हा पोरगा उन्हाळाभर पंचगंगेच्या घाटावर उड्या मारत असतो! त्याला गल्लीत कुणी विचारलं तर "येतंय की मला पवायला" म्हणेल. शिकवणीच्या चटईवर बसला की मात्र त्याची मराठी बदलते.

'कॅन म्हणजे शकणे' हे समीकरण आपण लहानपणापासून घोकून घेतो. त्यानं इंग्रजी कच्चं राहतं ते राहतंच, वर मराठीचाही भुगा होतो. माझा राग त्या समीकरणावर आहे, पोरांवर नाही.

मला पोहायला येतं, पण खांदा दुखावलाय म्हणून आज पोहू शकत नाही. पहिलं शिकलेलं, अंगात मुरलेलं. दुसरं आजच्या दिवसापुरतं. इंग्रजी दोन्हीकडे कॅन चालवून घेतं. आता गंमत बघा. जुन्या इंग्रजीत कॅनचा अर्थ होता जाणणं, माहीत असणं. म्हणजे तो आपल्या 'येतं'चा सख्खा. आणि 'मे आय कम इन'मधल्या मेचा मूळ अर्थ अंगात बळ असणं. माइट हा शब्द ताकद या अर्थानं इंग्रजीत आजही आहे. आपलं शकणे संस्कृतातल्या शक् धातूचं, शक्तीही त्याच घरची. मग शकणेचा जोडीदार मुळात मे ठरतो, कॅन नव्हे! पुढे शक्तीच्या घरातूनच आपल्याकडे शक्यता आली, आणि तिकडे मेही बळावरून 'होईल-न होईल'कडे सरकला. तालमीत जाणाऱ्या पोरांना हे लगेच पटतं. अंगात रग आहे म्हणजे कुस्ती मारलीच असं नाही, मारायची शक्यता आहे.

शक्यतेचं तर आम्हा कोल्हापूरकरांना काय सांगायचं. जुलै लागला की सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघत बसतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या शाहूपुरीतल्या माणसाला हे आकडे झोपेतनं उठवून विचारा. बातमीत लिहितात, 'पाणीपातळी वाढू शकते.' घरात असं कोण बोलतं? "रात्रीत वाढंल बघ." "आता नाही वाढायचं." "राधानगरीचं दार उघडलं असणार." तिथले दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, त्यामुळे त्या 'असणार'मध्ये किती खात्री आणि किती धास्ती, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं.

आणि आमचं पोर लिहितं, 'इट कॅन रेन टुनाइट.' का? तर 'पाऊस पडू शकतो', आणि शकतो म्हणजे कॅन. आजच्या रात्रीचा अंदाज सांगायला इंग्रजीत मे, माइट किंवा कुड लागतं. कॅन चालतं ते एकूण स्वभाव सांगताना, म्हणजे जुलैत पंचगंगा बघता बघता पात्राबाहेर येते, असं म्हणायचं असेल तेव्हा. नकारात तर फरक आणखी जिवावरचा. पूल 'मे नॉट बी ओपन' म्हणजे सुरू नसेलही, जाऊन बघा. 'कान्ट बी ओपन' म्हणजे सुरू असणं शक्यच नाही, गाडी मागे वळवा.

परवानगीचं म्हणाल तर मला शाळेत 'मे आय कम इन' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. इंग्रज माणसं बोलताना 'कॅन आय' सर्रास म्हणतात. मे जरा इस्त्रीचा, एवढाच फरक. मी कॅनचे गुण कापत नाही. पण दारात उभा राहून "मॅडम, मी आत येऊ शकतो का?" म्हणणाऱ्याला मी विचारते, "का रे, पायाला काय झालं?" येऊ काय, एवढं पुरतं की! परवा एका कार्यालयाच्या दारात पाटी होती, 'आपण आपली पादत्राणे येथे ठेवू शकता.' नाही ठेवली तर? चप्पल घालून आत गेलेलं चालणार होतं का? अजिबात नाही.

कुडचं थोडक्यात सांगते, कारण तिथे शहाणी माणसंही घसरतात. काल तिकीट मिळालं, तर 'आय कुड गेट' नाही. एकदाच घडलेल्या आणि जमलेल्या गोष्टीला वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. नाही मिळालं तर कुडन्ट बिनधास्त. मराठीत हे काही लागत नाही, "मिळालं बाबा एकदाचं" म्हटलं की झालं.

तर आता मी पोरांना आधी घरात ऐकलेली वाक्यं आणायला सांगते, इंग्रजी नंतर. काल एकीनं आजीचं वाक्य आणलं, "आता जिना चढवत नाही गं." व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. चढता येत नाही असं नाही, चढायची मनाई नाही, इच्छाही आहे, पण गुडघे ऐकत नाहीत. पोरांनी 'कान्ट क्लाइंब' लिहिलं. मी पुढे 'एनी मोअर' जोडलं. मग दोन्ही खोडलं. अर्धा तास गेला, फळ्यावर आजीचं वाक्य तसंच राहिलं आणि त्याच्यासमोरची जागा रिकामी. कुणाला सुचलं तर खाली लिहा.