पाकिस्तानी साहित्यातली स्त्री केवळ सोसत नाही

पाकिस्तानी साहित्यात स्त्री म्हणजे सोसणारी सून, पुरुष म्हणजे घराचा निर्विवाद धनी, आणि याला छेद देणारे जे काही असेल ते परदेशात बसून इंग्रजीत लिहिलेले, असे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरते. २०१४ पासून 'जिंदगी' वाहिनीवर तिकडच्या मालिका दिसू लागल्या, त्यामुळेही हा समज बळावला असावा. मात्र त्याची तिन्ही अंगे कच्ची आहेत.

सोसणाऱ्या सुनेपासून सुरुवात करू. खदीजा मस्तूर यांच्या 'आंगन' (१९६२) या उर्दू कादंबरीतली आलिया प्रेमापायी स्वतःच्या बहिणीचा जीव गेलेला पाहते, चुलतभाऊ जमीलला ठामपणे नाकारते, आणि फाळणीनंतर लाहोरात शिक्षिकेची नोकरी करून आईला सांभाळते. पुढे सफदर भेटतो तेव्हा ती लग्नाला तयारही होते. पण कधीकाळचा हा ध्येयवादी तरुण आता पैशाच्या मागे लागणार हे कळताच ती त्यालाही नकार देते.

पुरुषाचे निर्विवाद धनीपणही याच कादंबरीत टिकत नाही. आलियाचे थोरले काका, म्हणजे बडे चाचा, काँग्रेसचे, तर त्यांचा मुलगा मुस्लिम लीगचा. दोघांच्या राजकारणात घर कंगाल होत जाते, आणि चूल पेटती ठेवण्याचा घोर मात्र बायकांच्या वाट्याला येतो. देशासाठी झिजणारा पुरुष घरात कुणाच्या जिवावर झिजतो, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारणाऱ्या कादंबऱ्या मला तरी फार आढळलेल्या नाहीत.

'डायजेस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकप्रिय मासिकांतल्या अनेक कथांत सहनशील नायिकेलाच अखेर सुख मिळते, हे खरे आहे. तेवढ्यावरून अख्ख्या साहित्याचा निवाडा करणे मात्र अन्यायाचे आहे.

राहिला इंग्रजीचा मुद्दा. किश्वर नाहीद यांची 'हम गुनहगार औरतें' ही कविता उर्दूतली आहे; सिंधीत नूरुल हुदा शाह यांनी हवेल्यांत कोंडलेल्या स्त्रियांच्या कथा लिहिल्या, तर पश्तूत जैतून बानो यांनी स्त्रियांच्या कथा लिहिल्या. लष्करशहा जिया उल हक यांच्या राजवटीने 'चादर और चारदीवारी'चा, म्हणजे स्त्रीने पडद्यात आणि घराच्या चार भिंतींत राहावे असा घोष चालवला, तेव्हा फहमीदा रियाज यांनी त्याच नावाची कविता लिहून ती काळी चादर सत्ताधीशालाच परत केली. त्या भारतात आल्या हे खरे, पण इथे राहून बंडखोर झाल्या नाहीत. 'आवाज' या त्यांच्या नियतकालिकावरून तिकडे खटले भरले गेले, म्हणून त्यांना देश सोडावा लागला.